क्यूब-प्रॉक्सीवर नजर कशी ठेवायची: कुबरनेटीज क्लस्टर नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

नागपुरात मिहानमधल्या एखाद्या कंपनीत किंवा परसोडीच्या आयटी पार्कात तुम्ही नुकते रुजू झाला असाल आणि पहिल्याच महिन्यात "क्लस्टरचं मॉनिटरिंग आता तू पाहा" असं सांगण्यात आलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे. सीपीयू, मेमरी, पॉडचे (अॅपचे कंटेनर ज्यात चालतात त्या एककाचे) रीस्टार्ट यांचे डॅशबोर्ड तयार मिळतात आणि सगळे तेच पाहतात. सर्व्हिसच्या, म्हणजे अनेक पॉडसमोरच्या एका कायमच्या पत्त्यावर आलेलं कनेक्शन योग्य पॉडकडे वळवण्याची व्यवस्था जिच्याकडे आहे, त्या क्यूब-प्रॉक्सीकडे मात्र कुणी फिरकत नाही. मग नवं डिप्लॉयमेंट झालं की काही ग्राहकांना थोडा वेळ टाइमआउट येतात. शेजारचा सहकारी म्हणतो, "नेटवर्क स्लो होऊन राहिलं ना भाऊ." नेटवर्क टीम म्हणते, आमच्याकडे एकही पॅकेट पडत नाही. बरेचदा दोघंही खरं बोलत असतात आणि अडचण या दोघांच्या मधल्या जागेत असते.

मी हे काम शिकले तेव्हा माहिती दहा ठिकाणी विखुरलेली होती. कोणत्या क्रमानं पाहिलं म्हणजे वेळ वाचतो, तो क्रम खाली दिला आहे. आज्ञा आणि मेट्रिकची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची.

## १. हात घालण्याआधी हे जमवा

साधनं फार लागत नाहीत:

- क्यूबसीटीएल (क्लस्टरला आज्ञा द्यायचं साधन), आणि क्यूब-सिस्टम नेमस्पेसमधले (क्लस्टरच्या स्वतःच्या घटकांच्या कप्प्यातले) पॉड, लॉग व कॉन्फिगमॅप (सेटिंगची नोंद) वाचण्याची परवानगी
- किमान एका नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) एसएसएच. ते मिळत नसेल तर "क्यूबसीटीएल डीबग नोड" चालवण्याची परवानगी
- प्रोमीथियस (आकडे गोळा करणारा) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख दाखवणारा). नव्यानं बसवत असाल तर हेल्म या पॅकेज साधनाचा क्यूब-प्रोमीथियस-स्टॅक घ्या, त्यात नोड एक्स्पोर्टरही (मशीनचे आकडे देणारा) येतो
- प्रयोगासाठी वेगळं छोटं क्लस्टर, दोन-तीन जुन्या मशीनवरचं असलं तरी चालेल

कागदोपत्री तयारी मात्र लोक विसरतात. क्लस्टर ग्राहकाचं असेल तर क्यूब-प्रॉक्सीच्या कॉन्फिगमध्ये बदल करण्यासाठी चेंज रिक्वेस्ट मंजूर करून घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका. हा घटक प्रत्येक नोडवर चालतो, त्यामुळे बदलही एकदम सगळ्या नोडवर पोचतो. त्यासोबत नोडची यादी, प्रत्येकाची कर्नल आवृत्ती, कुबरनेटीजची आवृत्ती आणि कोणतं सीएनआय (पॉडचं नेटवर्क जोडणारं प्लगइन) वापरलं आहे, एवढं एका कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर तो कागद लागेल.

## २. क्यूब-प्रॉक्सी काय करते ते आधी पक्कं करा

ती एपीआय सर्व्हरकडे, म्हणजे क्लस्टरची सगळी माहिती देणाऱ्या घटकाकडे, लक्ष ठेवून असते. सर्व्हिस बदलली, किंवा सर्व्हिसमागचे पॉड बदलले आणि त्यामुळे एंडपॉइंटस्लाइस (त्या पॉडच्या पत्त्यांची यादी) बदलली, की ती आपल्या नोडच्या कर्नलमध्ये नवे नियम लिहिते. पॅकेट तिच्यातून जात नाही. ते कर्नलच्या नियमांनुसार थेट पॉडकडे जातं. पॅकेट स्वतःमधून नेणारा जुना यूझरस्पेस मोड १.२६ आवृत्तीत काढून टाकला गेला.

व्हरायटी चौकात दिशादर्शक पाट्या लावणाऱ्या माणसाची कल्पना करा. गाड्या तो चालवत नाही. एखादा रस्ता बंद झाल्यावर त्यानं पाटी उशिरा बदलली, तर मधल्या वेळात गाड्या बंद रस्त्यावर जात राहतात.

म्हणून इथे परफॉर्मन्स मोजायचा म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची. नियम वेळेवर लिहिले जातात का? लिहिताना काही फसतं का? आणि चालू कनेक्शनची नोंद ठेवायला कर्नलमध्ये जागा शिल्लक आहे का? क्यूब-प्रॉक्सीच्या प्रोसेसचा सीपीयू दोन टक्के आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नका. ती अडकून बसली तरी सीपीयू शांतच दिसतो. उलट ती पूर्ण बंद पडली तरी आधी लिहिलेले नियम कर्नलमध्ये राहतात आणि जुनी रहदारी सुरळीत चालते. बिघाड दिसतो तो पुढचा पॉड बदलल्यावर. म्हणूनच तो पकडायला कठीण जातो.

## ३. मोड कोणता आहे ते पाहा

कर्नलमध्ये नियम कोणत्या पद्धतीनं लिहायचे त्याला मोड म्हणतात. नोडवरून लोकलहोस्टच्या १०२४९ पोर्टवर "प्रॉक्सीमोड" या पत्त्याला कर्ल करा, एका शब्दात उत्तर येतं. क्यूब-प्रॉक्सी पॉडच्या लॉगच्या सुरुवातीलाही मोड लिहिलेला असतो. कॉन्फिगमॅपमध्ये मोडची जागा रिकामी दिसली तर घाबरू नका. लिनक्सवर रिकामं म्हणजे आयपी-टेबल्स.

आयपी-टेबल्स मोडमध्ये नव्या कनेक्शनचं पहिलं पॅकेट सर्व्हिसच्या यादीतून एकेक नियम तपासत पुढे सरकतं, म्हणून सर्व्हिस हजारोंच्या घरात गेल्या की भार वाढतो. एनएफ-टेबल्स मोडमध्ये हीच शोधाशोध नकाशासारख्या रचनेतून एका फटक्यात होते. हा मोड १.२९ मध्ये अल्फा म्हणून आला आणि १.३३ मध्ये स्थिर झाला. आयपीव्हीएस बऱ्याच जुन्या क्लस्टरवर दिसेल, पण १.३५ पासून तो जाण्याच्या वाटेवर आहे. नव्या क्लस्टरसाठी तो निवडू नका.

क्यूब-प्रॉक्सीचा पॉडच सापडला नाही तर दोन शक्यता तपासा. सीलियमसारखं सीएनआय ईबीपीएफ (कर्नलमध्येच छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) वापरून तिचं सगळं काम स्वतःकडे घेऊ शकतं. तसं असेल तर या लेखातला मेट्रिकचा भाग तुमच्या उपयोगाचा नाही. दुसरी शक्यता के-थ्री-एसची, म्हणजे कुबरनेटीजच्या हलक्या रूपाची. तिथे क्यूब-प्रॉक्सी के-थ्री-एसच्या मुख्य प्रोसेसमध्येच असते, वेगळा पॉड नसतो. आपल्याकडे सरावासाठी जुन्या डेस्कटॉपवर के-थ्री-एस बसवणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

## ४. ती जिवंत आहे का

क्यूब-सिस्टममध्ये "के८एस-अॅप बरोबर क्यूब-प्रॉक्सी" या लेबलचे पॉड मोजा. जितके नोड तितके पॉड हवेत. मग १०२५६ पोर्टवर "हेल्थझी" विचारा. नियम लिहिण्याचं काम वेळेत होत असेल तर २०० येतं, अडकलं असेल तर ५०३.

एक सापळा आहे. क्लस्टर ऑटोस्केलरनं एखादा नोड काढायला घेतला की नव्या आवृत्त्यांमध्ये हेल्थझी मुद्दाम नापास होतं, लोड बॅलन्सरनं त्या नोडकडे नवी रहदारी पाठवू नये म्हणून. हे बिघाडाचं लक्षण नाही. प्रोसेसची प्रकृती पाहायला त्याच पोर्टवर "लिव्हझी" आहे, लाइव्हनेस प्रोबसाठी (पॉड जिवंत आहे का याच्या आपोआप तपासणीसाठी) तेच वापरा.

## ५. मेट्रिक नोडबाहेर काढा

बहुतेक नवे लोक इथेच अडकतात. प्रोमीथियस बसवला, ग्राफानात "कुबरनेटीज / प्रॉक्सी" नावाचा डॅशबोर्डही दिसतो, पण सगळे आलेख रिकामे, आणि वर "क्यूब-प्रॉक्सी-डाउन" अलर्ट लाल. पॉड मात्र व्यवस्थित चालू.

कारण साधं आहे. मेट्रिकचा पत्ता मुळात १२७.०.०.१ आणि पोर्ट १०२४९ असा बांधलेला असतो. म्हणजे त्या नोडवरूनच तो वाचता येतो, दुसऱ्या नोडवर बसलेल्या प्रोमीथियसला तो दिसत नाही.

काहीही बदलण्याआधी मेट्रिक नुसतं पाहायचं असेल, तर क्यूब-प्रॉक्सीच्या पॉडला १०२४९ वर पोर्ट-फॉरवर्ड लावा आणि ब्राउझरमध्ये "मेट्रिक्स" हा पत्ता उघडा. पॉड होस्ट नेटवर्कवर (नोडच्याच नेटवर्कवर) चालत असल्यानं हे जमतं. नोड डीबग पॉडमधूनही कर्ल करता येतं.

कायमची सोय करायची तर:

1. क्यूब-सिस्टममधल्या क्यूब-प्रॉक्सी कॉन्फिगमॅपची प्रत आधी फाइलमध्ये उतरवून ठेवा.
2. त्यातल्या "मेट्रिक्स-बाइंड-अॅड्रेस" या ओळीत ०.०.०.० आणि पोर्ट १०२४९ लिहा.
3. डेमनसेटला (प्रत्येक नोडवर एक पॉड चालवणाऱ्या घटकाला) रोलआउट रीस्टार्ट द्या. कॉन्फिगमॅप बदलल्यानं चालू पॉड आपोआप नवं कॉन्फिग उचलत नाहीत, ही पायरी सुटली तर काहीच बदलणार नाही.
4. रोलआउट स्टेटस पूर्ण होईपर्यंत थांबा आणि पॉडची संख्या पुन्हा मोजा.

चालू डेमनसेट रीस्टार्ट केल्यानं कनेक्शन तुटत नाहीत, कारण नियम कर्नलमध्येच असतात. पण त्या नोडवर पॉड परत उभा राहीपर्यंत नवे बदल लिहिले जात नाहीत. म्हणून मोठं डिप्लॉयमेंट सुरू असताना हे करू नका.

आता सुरक्षेचा मुद्दा, आणि याबाबतीत ढिलाई नको. या पत्त्याला पासवर्ड किंवा टोकन काही नसतं. ०.०.०.० लिहिलं की नोडच्या आयपीवर तो सर्वांना उघडा होतो. होस्ट नेटवर्कवरच्या पॉडवर नेटवर्क पॉलिसी लागू होईल याची खात्री नसते, तिच्यावर विसंबू नका. नोडच्या फायरवॉलमध्ये किंवा क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये १०२४९ पोर्ट प्रोमीथियस ज्या नोडवर चालतो तेवढ्यांनाच उघडा. नोडला पब्लिक आयपी असेल तर हे आधी करा, कॉन्फिगमॅप नंतर.

के-थ्री-एसवर कॉन्फिगमॅप नाही. तिथे सर्व्हरला आणि एजंटला "क्यूब-प्रॉक्सी-आर्ग" या पर्यायातून हाच पत्ता द्यायचा.

## ६. प्रोमीथियसला जोडा आणि मोजून पाहा

क्यूब-प्रोमीथियस-स्टॅक क्यूब-प्रॉक्सीसाठी सर्व्हिस आणि सर्व्हिसमॉनिटर (प्रोमीथियसनं आकडे कुठून वाचायचे ते सांगणारी नोंद) स्वतः तयार करतो. तुमचं काम प्रोमीथियसच्या टार्गेट्स पानावर जाऊन मोजणं. नोड जितके, टार्गेट तितकी, आणि सगळी "अप". एखादं टार्गेट लाल असेल तर त्याच नोडच्या फायरवॉलपासून शोध सुरू करा. सीलियमनं काम घेतलेल्या क्लस्टरवर व्हॅल्यूज फाइलमध्ये क्यूब-प्रॉक्सीचा भाग बंदच करा, नाहीतर खोटा अलर्ट कायम वाजत राहील आणि लोकांना त्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागेल.

## ७. कोणते आकडे पाहायचे

प्रोमीथियसच्या शोधपट्टीत "क्यूबप्रॉक्सी" टाइप केलं की लांब यादी येते. सगळी शिकायची गरज नाही. मी ज्या क्रमानं पाहते तो असा.

पहिलं, "नेटवर्क प्रोग्रामिंग ड्युरेशन सेकंड्स". पॉड किंवा सर्व्हिस बदलल्यापासून तो बदल नोडच्या नियमांत उतरेपर्यंत किती वेळ गेला, ते हे सांगतं. ग्राहकाला जाणवणाऱ्या त्रासाच्या सर्वांत जवळचा आकडा हाच. हे हिस्टोग्राम आहे, म्हणजे वेळा बकेट नावाच्या टप्प्यांत मोजून ठेवलेल्या असतात, म्हणून बकेटवर ५ मिनिटांचा रेट घ्या, "एलई" आणि "इन्स्टन्स" या दोन लेबलनुसार बेरीज करा आणि त्यावर ०.९९ चा हिस्टोग्राम क्वांटाइल लावा, म्हणजे ९९ टक्के बदल किती वेळात उतरले ते कळतं.

"इन्स्टन्स" लेबल कधीही गाळू नका. वीस नोडपैकी एकाच नोडची क्यूब-प्रॉक्सी मागे पडली असेल, तर सर्वांचा मिळून काढलेला आकडा छान दिसेल आणि त्या एका नोडवरचे पॉड मात्र जुन्या पत्त्यांवर कनेक्शन पाठवत राहतील. "अधूनमधून होतं, पुन्हा प्रयत्न केला की जातं" अशी तक्रार आली, की मला आधी एकाच नोडचा संशय येतो.

आकडा वाचताना चार गोष्टी ध्यानात घ्या:

- आयपी-टेबल्स मोडमध्ये दोन लिखाणांमध्ये किमान १ सेकंदाचं अंतर मुळातच ठेवलेलं असतं. त्यामुळे सेकंदाच्या आसपासचा आकडा निरोगी आहे.
- क्लस्टर शांत असेल, काहीच बदलत नसेल, तर आलेख तुटक किंवा रिकामा दिसतो. तो बिघाड नाही.
- सगळ्यात वरची बकेट ३०० सेकंदांची आहे. आलेख ३०० वर सपाट झाला तर खरा विलंब त्याहून जास्त असू शकतो.
- सुरुवातीची वेळ कंट्रोल प्लेनच्या घड्याळातून येते आणि शेवटची नोडच्या. घड्याळं जुळत नसतील तर आकडा खोटा निघतो. वीज गेल्यावर जुन्या डेस्कटॉपची घड्याळं मागेपुढे होतात, बायोसची बॅटरी उतरलेली असेल तर जास्तच. सरावाच्या क्लस्टरवर विचित्र आकडे दिसले तर सगळ्या नोडवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू आहे का ते आधी पाहा.

दुसरं, "सिंक प्रॉक्सी रूल्स ड्युरेशन सेकंड्स". नियम लिहायला प्रत्यक्ष लागलेला वेळ. पहिला आकडा मोठा आणि हा लहान, तर उशीर क्यूब-प्रॉक्सीच्या आधी कुठेतरी झाला आहे: एपीआय सर्व्हर, एंडपॉइंटस्लाइस कंट्रोलर किंवा घड्याळ. दोन्ही मोठे, तर उशीर त्या नोडवरच आहे. या दोन आकड्यांची तुलना करायची सवय लागली की अर्धी शोधाशोध वाचते. १.२८ पासून आयपी-टेबल्स मोडमध्ये फक्त बदललेल्या सर्व्हिसचे नियम लिहिण्याची सुधारणा कायमची झाली. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल आणि सर्व्हिस खूप असतील, तर निव्वळ अपग्रेडनं फरक पडेल.

तिसरं, रांगेतला विलंब. "लास्ट क्यूड टाइमस्टॅम्प" म्हणजे शेवटचं काम कधी रांगेत लागलं आणि "लास्ट टाइमस्टॅम्प" म्हणजे नियम शेवटचे यशस्वी कधी लिहिले. पहिल्यातून दुसरं वजा करा. उत्तर ऋण किंवा शून्याजवळ हवं. ते धन होऊन वाढतच गेलं, तर काम रांगेत आहे पण पूर्ण होत नाही. काही जण आत्ताच्या वेळेतून "लास्ट टाइमस्टॅम्प" वजा करून अलर्ट लावतात. तसं करू नका, रात्री क्लस्टर शांत झालं की तो विनाकारण वाजतो.

चौथं, फसलेली लिखाणं. "आयपी-टेबल्स रिस्टोअर फेल्युअर्स टोटल" आणि त्याच्याच जोडीचं "पार्शल रिस्टोअर फेल्युअर्स". हे मोजणारे आकडे हलताच कामा नयेत. वाढले तर त्या नोडचा लॉग लगेच वाचा. सीएनआय, डॉकर किंवा एखादा सिक्युरिटी एजंट त्याच वेळी आयपी-टेबल्सचं कुलूप धरून बसलेला सापडण्याची शक्यता मोठी असते.

बाकी "एंडपॉइंट चेंजेस पेंडिंग", नियमांची एकूण संख्या आणि "रेस्ट क्लायंट रिक्वेस्ट्स" मध्ये येणारे ४२९ (मागण्या फार झाल्या) किंवा ५०० च्या घरातले (सर्व्हरची चूक) कोड, एवढे एका पॅनलवर ठेवले की पुरे.

## ८. कॉनट्रॅक: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

क्यूब-प्रॉक्सीचे सगळे आकडे हिरवे, तरी नवी कनेक्शन टाइमआउट होतात आणि जुनी मात्र व्यवस्थित चालतात. हे चित्र दिसलं की कॉनट्रॅक पाहा. कर्नल प्रत्येक कनेक्शनची नोंद एका तक्त्यात ठेवतो. तक्ता भरला की तो नव्या कनेक्शनची पॅकेट टाकून देतो, आणि "डीमेसेज" मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट" अशी ओळ दिसते.

या तक्त्याची मर्यादा क्यूब-प्रॉक्सी ठरवते: प्रत्येक कोअरमागे ३२,७६८ नोंदी, आणि कमीत कमी १,३१,०७२. म्हणजे दोन कोअर असोत की चार, मर्यादा १,३१,०७२ च. आठ कोअरवर २,६२,१४४. नोड एक्स्पोर्टर "नोड एनएफ कॉनट्रॅक एंट्रीज" आणि "एंट्रीज लिमिट" असे दोन आकडे देतो. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, नोडनुसार आलेख काढा. मी ७५ टक्क्यांवर इशारा लावते, कारण रहदारी उसळली की उरलेली जागा फार लवकर संपते.

लहान नोडवर डीएनएसची गर्दी हा नेहमीचा गुन्हेगार. प्रत्येक यूडीपी विचारणेची वेगळी नोंद होते. नुसती मर्यादा वाढवण्याआधी कोणतं अॅप दर मागणीला नवं कनेक्शन उघडतं ते शोधा. मर्यादा वाढवायचीच असेल तर क्यूब-प्रॉक्सीच्या कॉन्फिगमधल्या कॉनट्रॅकच्या भागात वाढवा. नोडवर नुसतं सिस-सीटीएल (कर्नलची सेटिंग बदलणारी आज्ञा) वापरून वाढवली, तर क्यूब-प्रॉक्सी पुढच्या वेळी सुरू होताना तिच्या कॉन्फिगचा हिशोबच पुन्हा लागू होऊ शकतो.

## ९. स्वतः चाचणी करून पाहा

आलेख समजायचे असतील तर ते आपल्या हातानं हलवून पाहिले पाहिजेत. प्रयोगाच्या क्लस्टरवर एक साधं वेब डिप्लॉयमेंट दोन पॉडचं करा, समोर क्लस्टर-आयपीची सर्व्हिस ठेवा. दुसऱ्या पॉडमधून त्या सर्व्हिसला सतत मागण्या पाठवत राहा. मग डिप्लॉयमेंट ५० पॉडपर्यंत वाढवा, पुन्हा दोनवर आणा. प्रोग्रामिंग ड्युरेशनचा आलेख उठलेला दिसेल, आणि कमी करताना काही मागण्या नापास झाल्या तर त्यांची वेळ आलेखाशी जुळवता येईल.

चाचणी क्लस्टरच्या आतूनच करा, आपल्या लॅपटॉपवरून नाही. तुमचं क्लस्टर क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये असेल तर नागपूर ते मुंबई रस्त्यानं सुमारे ८०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याचेच ८ मिलिसेकंद झाले, वर तुमचं ब्रॉडबँड आणि ऑफिसचं व्हीपीएन. नोडवरच्या नियमांतून जायला लागणारा वेळ यापुढे इतका लहान असतो की तो त्या गोंगाटात दिसणारच नाही.

आणखी दोन गैरसमज इथेच संपवू. आयपी-टेबल्स मोडमध्ये क्लस्टर-आयपीला पिंग केलं तर उत्तर येत नाही. सर्व्हिस बंद आहे असा त्याचा अर्थ नाही, पोर्टवर कर्ल करून पाहा. दुसरं, एकाच पॉडवर सगळा भार जातोय अशी तक्रार आली तर अॅप कीप-अलाइव्ह वापरतं का ते विचारा. पॉडची निवड कनेक्शन उघडताना एकदाच होते, त्या कनेक्शनवरच्या पुढच्या सगळ्या मागण्या त्याच पॉडकडे जातात.

## १०. अलर्ट मोजकेच लावा

स्टॅकसोबत आलेल्या "क्यूब-प्रॉक्सी-डाउन" ची अट उघडून वाचा. ती "अॅब्सेंट" वापरून लिहिलेली असेल, तर एकही क्यूब-प्रॉक्सी दिसत नसेल तेव्हाच तो वाजेल. वीसपैकी एक बंद पडली तर तो गप्प राहील. म्हणून प्रत्येक टार्गेटसाठी "अप बरोबर शून्य, १० मिनिटं" असा वेगळा अलर्ट लावा.

त्याशिवाय चार पुरतात: प्रोग्रामिंग ड्युरेशनचा ९९ वा पर्सेंटाइल १० सेकंदांच्या वर १० मिनिटं, रांगेतला विलंब ६० सेकंदांच्या वर, फसलेल्या लिखाणांत कोणतीही वाढ, कॉनट्रॅक ७५ टक्के. हे उंबरठे माझे आहेत. तुमच्या क्लस्टरवर दोन आठवडे आलेख पाहा, डिप्लॉयमेंटच्या दिवशी आकडे कुठपर्यंत जातात ते नोंदवा आणि मग ठरवा.

## ११. आकडा वाढला तर कुठून सुरुवात करायची

एकच नोड मागे असेल तर त्या नोडचा सीपीयू आणि तापमान पाहा. क्लाउडवर हा प्रश्न नसतो, पण ऑफिसच्या खोलीत ठेवलेल्या मशीनवर नवतप्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, प्रोसेसर स्वतःला वाचवायला गती कमी करतो आणि नियम लिहिण्याचा वेळ वाढतो. नोड एक्स्पोर्टरचं "कोअर थ्रॉटल्स टोटल" दुपारी वाढून रात्री स्थिर राहत असेल तर कारण सापडलं: कुबरनेटीजमध्ये काही बदलू नका, खोलीची हवा सुधारा.

मग क्यूब-प्रॉक्सीच्या पॉडवर कुणी सीपीयू लिमिट लावली आहे का ते पाहा. क्यूबएडीएमनं (क्लस्टर बसवण्याच्या साधनानं) बसवलेल्या डेमनसेटमध्ये ती नसते, पण सरसकट सगळ्या पॉडना लिमिट लावणारी पॉलिसी ती घालू शकते. ती काढून घ्या.

नोडवर जाऊन नियम स्वतः पाहिले आणि यादी रिकामी दिसली, तरी घाईनं निष्कर्ष काढू नका. आयपी-टेबल्सची आज्ञा लेगसी आणि एनएफ-टी अशा दोन प्रकारांत येते. क्यूब-प्रॉक्सी एक वापरत असेल आणि तुमच्या नोडची आज्ञा दुसरी, तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. दोन्ही चालवून पाहा.

सगळेच नोड मागे असतील, सर्व्हिस हजारोंत असतील आणि आवृत्ती नवी असेल, तर एनएफ-टेबल्स मोडचा विचार करा. त्याला कर्नल ५.१३ किंवा पुढचा हवा. उबंटू २२.०४ चा ५.१५ चालतो, आरएचईएल ८ चा ४.१८ चालत नाही. पहिल्या टप्प्यात लिहिलेली कर्नलची यादी इथे काढा. या मोडमध्ये नोडपोर्ट (सर्व्हिससाठी नोडवर उघडलेलं पोर्ट) मुळात नोडच्या मुख्य आयपीवरच उघडतं आणि लोकलहोस्टवर चालत नाही, त्यामुळे लोकलहोस्टवर नोडपोर्ट वापरणारी एखादी जुनी स्क्रिप्ट असेल तर ती आधी बदलून घ्या. बदल प्रयोगाच्या क्लस्टरवर करून, मग खऱ्या क्लस्टरवर. नोड रिकामा करून रीबूट करा, म्हणजे जुन्या मोडचे नियम मागे राहणार नाहीत.

एवढं करूनही प्रश्न नेटवर्क टीमकडे न्यावा लागला, तर तिकिटात "स्लो आहे" असं लिहू नका. नोडचं नाव, क्यूब-प्रॉक्सीचा मोड आणि आवृत्ती, बिघाडाची वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणि यूटीसीत, त्या वेळचे प्रोग्रामिंग व सिंक ड्युरेशनचे दोन आलेख, कॉनट्रॅकचं प्रमाण, आणि कोणत्या पॉडमधून कोणत्या सर्व्हिसकडे जाताना मागणी नापास झाली ते लिहा. यूटीसी लिहायला विसरू नका. नोडचे लॉग बहुतेक वेळा त्याच वेळेत असतात आणि साडेपाच तासांच्या फरकामुळे समोरची टीम चुकीच्या तासाचे लॉग चाळत बसते.